मुंबईच्या घरात पहिला गणपती आणताना

आमच्या घरी पहिल्यांदा गणपती आला तेव्हा मूर्ती दीड फुटाची होती. परळच्या एका कारखान्यात ती बघितली आणि डोळे तिथेच खिळले. "शाडूचीच आहे ना?" मी दोनदा विचारलं. "हो ताई, शाडूचीच," असं उत्तर मिळालं. दीड दिवसाने घरातच विसर्जन करायचं ठरलं होतं. त्यासाठी आणलेल्या टबात मूर्ती उभी मावेना, म्हणून आडवी ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी पाणी जरासं पांढुरकं झालं होतं, मूर्ती मात्र जशीच्या तशी. आठव्या दिवशी रंग सुटला, बोटं झडली, पण देव काही विरघळेना. ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहिलो, त्याला मोरीत तसं पडलेलं रोज बघायचं, हे फार जड गेलं. ती मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती. शेवटी वॉर्डातल्या मूर्ती-संकलन केंद्रावर नेऊन दिली.

त्या वर्षी जे कळलं ते नव्याने गणपती आणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. तयारी शेवटून सुरू करा. आधी विसर्जन ठरवा, मग मूर्ती.

विसर्जन कुठे, त्यावरून मूर्ती केवढी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या या व्रताचं नाव पार्थिव गणेशपूजन. पार्थिव म्हणजे मातीचा, पृथ्वीचा. माती आणायची, तिला आकार द्यायचा, प्राणप्रतिष्ठा करून पूजायचं आणि पुन्हा पाण्यातून मातीत पोचवायचं, एवढी ही सगळी गोष्ट आहे. मातीत परत जाणार नाही अशी मूर्ती आणली तर व्रताचं शेवटचं पाऊल आपण टाकतच नाही.

घरी विसर्जन करणार असाल तर घरातली सगळ्यात मोठी बादली काढा आणि तिची खोली मोजा. मूर्ती बादलीत उभी राहून वर चार बोटं पाणी राहायला हवं. नेहमीच्या मोठ्या बादलीत आठ-नऊ इंचाची मूर्ती छान बसते. महापालिकेच्या कृत्रिम तलावावर नेणार असाल तर थोडी मोठी चालेल, पण ती कोण उचलणार, इमारतीची लिफ्ट बंद असली तर जिन्यावरून कशी उतरवणार, तेही बघा. समुद्राचं, तलावाचं आणि मूर्तीच्या उंचीचं नियमपत्रक महापालिका दरवर्षी काढते आणि त्यात बदल होतात. गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

लहान मूर्ती आणली तर कमीपणा वाटेल, ही भीती मला खूप जणांच्या बोलण्यात जाणवते. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापुढे मंगळवारी किती मोठी रांग असते ते आपण सगळे जाणतो. 1801 मध्ये स्थापन झालेल्या त्या देवळातली काळ्या पाषाणाची मूर्ती जेमतेम अडीच फूट उंच आहे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो, तिथली मूर्तीही लहान असते आणि पालखीतून येते. एकदा जाऊन बघा, उंचीचा प्रश्न मनातून निघून जाईल.

गावी गणपती असतो, मग इथे वेगळा आणावा का?

मुंबईतल्या कोकणी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. मूळ घरी, समजा कुडाळला किंवा गुहागरला, गणपती बसतो आणि सगळे भाऊ तिथे जमतात. सुट्टी मिळत असेल तर गावीच जा, असं मी मनापासून सांगेन. ते माणसांनी भरलेलं घर, गणपतीवर फळं-पानं टांगलेली माटवी, रात्रीचं भजन इथल्या फ्लॅटमध्ये आणता येत नाही. पण चूल वेगळी झाली की वेगळा गणपती आणायची रीत बऱ्याच घराण्यांत आहे. घरातल्या थोरल्यांना विचारा, आणि त्यांचं ऐका. आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आणा, पण गावच्या देवाला नारळ ठेवून मग आणा." आम्ही तसंच केलं.

किती दिवस ठेवायचा? दीड, पाच, सात, दहा दिवस किंवा गौरीबरोबर. दोघंही नोकरी करत असाल आणि घरात दिवसभर कुणी नसेल तर दीड दिवस योग्य. देव घरात असताना घराला कुलूप लावून जाणं बरं वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ आरती, नैवेद्य आणि तेवत राहणारा दिवा हे सगळं कुणीतरी सांभाळायला हवं. एकदा आणला की दरवर्षी आणावाच लागतो, नाहीतर कोप होतो, असं सांगून नव्या जोडप्यांना घाबरवलं जातं. हे वार्षिक व्रत आहे, म्हणून जमेल तेवढंच अंगावर घ्यावं, हे खरं. पण ज्या देवाला आपण विघ्नहर्ता म्हणतो त्याची सुरुवात धाकाने करू नये, असं मला वाटतं. सोयर-सुतक आलं तर काय करायचं, हे मात्र आपल्या घराण्याच्या गुरुजींना आधीच विचारून ठेवा. प्रथा घरोघरी वेगळ्या आहेत.

मूर्ती बघायला जाल तेव्हा

आषाढ संपता संपता जा. लालबाग-परळच्या कारखान्यांत, दादरला, गिरगावात, आणि उपनगरांत तर आता प्रत्येक स्टेशनजवळ मांडव लागतात. पेण आणि हमरापूरहून आलेल्या मूर्ती बहुतेक ठिकाणी दिसतील. उशिरा गेलात तर शाडूच्या लहान मूर्ती संपलेल्या असतात.

शाडू ओळखायला मूर्ती उचलून बघा. त्याच आकाराच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा ती चांगलीच जड लागते. मग खालची बाजू बघा, तिथे सहसा रंग नसतो. ओलं बोट घासलं तर शाडूचा राखाडी चिखल बोटाला लागतो, प्लास्टर पांढरं आणि कोरडं राहतं. विक्रेत्याला न लाजता विचारून हे करा. पहिल्या वर्षी मी लाजले होते. पावतीवरही "शाडू माती" असं लिहून घ्या. रंग पाण्याचे आहेत का, तेही विचारा. चकचकीत तैलरंगाचा थर असेल तर शाडूसुद्धा लवकर विरघळत नाही.

पूर्वी घरचा पाट कारखान्यात नेऊन देत, आणि मूर्ती त्याच पाटावर तयार होऊन घरी येई. काही कारखाने आजही असा पाट घेतात. तुमच्याकडे आजीचा जुना पाट असेल तर जरूर द्या.

सोंडेबद्दल नेहमी विचारलं जातं. देवाच्या उजव्या हाताकडे वळलेली ती उजवी सोंड. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं-ओवळं कडक मानलं जातं, म्हणून घरोघरी डाव्या सोंडेचाच आणतात. पहिल्या वर्षी तुम्हीही डाव्या सोंडेचाच आणा.

त्याच्या हातात काय आहे ते बघा

मूर्ती निवडताना चेहऱ्याबरोबर हातांकडेही बघत जा. हल्ली कुणा मालिकेतल्या राजासारखा किंवा बाहुबलीसारखा गणपती मिळतो. मुलांना तो आवडतो, मी कुणाला दोष देत नाही. पण ज्याची स्तुती आपण अथर्वशीर्षात म्हणतो त्याचं तिथे स्पष्ट वर्णन आहे, आणि ते ध्यानात ठेवून मूर्ती शोधली तर पुढची सगळी पूजा उलगडत जाते.

अथर्वशीर्ष त्याला चतुर्हस्त म्हणतं. एका हातात पाश, एकात अंकुश, एकात दात, आणि चौथा हात वरदान देणारा. अंकुश हे हत्तीला आवरायचं माहुताचं हत्यार आणि पाश हत्तीला बांधायचा दोर. इथे मस्तकच हत्तीचं आहे, आणि त्याला आवरायची दोन्ही साधनं त्याच्या स्वतःच्या हातात आहेत. दुसरा कुणी माहूत नाही. हे मला ज्या दिवशी उमगलं त्या दिवसापासून मूर्तीसमोर मी वेगळी उभी राहते. आपलं मन आवरायचा अंकुश आपल्याच हाती हवा, इतकं साधं मागणं त्याच्याकडे मागता येतं.

तिसऱ्या हातातला दात त्याचा स्वतःचाच, मोडलेला. म्हणून तो एकदंत. बाजारातल्या पुष्कळ मूर्तींत दाताच्या जागी मोदक असतो, काहींत परशू किंवा कमळ. सिद्धिविनायकाच्या हातांतही कमळ, परशू, माळ आणि मोदकांचं पात्र आहे. रूपं अनेक आहेत, त्यात चूक-बरोबर असं काही नाही. मोडका दात हातात असलेली मूर्ती सापडली तर मुलांना ती मुद्दाम दाखवा, एवढंच.

शूर्पकर्ण म्हणजे सुपासारख्या कानांचा. ज्यांनी आजीला तांदूळ पाखडताना पाहिलंय त्यांना समजावून सांगायला नको: फोल उडवायचं आणि दाणा ठेवायचा. एवढे मोठे कान असलेल्या देवापुढे आपण गाऱ्हाणी घेऊन बसतो, आणि तो त्यातलं नेमकं तेवढंच ठेवून घेतो, अशी माझी श्रद्धा आहे. लंबोदर, म्हणजे सगळं पोटात घालणारा. त्या पोटावर नागाचा पट्टा. आणि ध्वजावर उंदीर. भाद्रपदात भात शेतात उभं असतं आणि शेतकऱ्याला धास्ती असते ती उंदराची. धान्याची नासाडी करणारं तेच जनावर या देवाच्या पायाशी गप्प बसलेलं असतं. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ सांगावा लागत नाही.

अथर्वशीर्ष त्याचा रंगही सांगतं. तो रक्तवर्ण, तांबडी वस्त्रं नेसलेला, अंगाला रक्तचंदन लावलेला, लाल फुलांनी पूजलेला. म्हणून जास्वंद, म्हणून रक्तचंदन, म्हणून शेंदूर. पूजेच्या सामानाची अर्धी यादी या चार शब्दांतच आहे.

दूर्वा आणि पत्री

सजावटीवर मी फार लिहीत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे. जुनी पैठणी, कागद, कापड, घरातल्या कुंड्या एवढ्यात सुंदर मखर होतं. समईची ज्योत आणि कापड यांत हातभर अंतर ठेवा, रात्री दिव्यावर काचेची चिमणी लावा, देवाच्या डोक्यावर पंखा येऊ देऊ नका. पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला आलं तर उत्तम. फ्लॅटमध्ये ते जमलं नाही तर जागा स्वच्छ आणि शांत असणं पुरे.

तुमचा वेळ खरा लागायला हवा तो दूर्वा-पत्रीला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादर पश्चिमेला फुलमंडईत जा, पहाटे पाचला. त्यानंतर तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. पूल उतरलात की रस्त्याच्या कडेला वसई-पालघरकडून आलेल्या बायका दूर्वांच्या जुड्या, आघाडा, तेरडा, केवडा, बेल घेऊन बसलेल्या असतात. दूर्वा त्यांच्याकडून घ्या. त्या स्वतः खुडून आणतात, आणि कुठलं पान कशाचं ते तुम्हाला त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. त्यांच्याशी घासाघीस करू नका.

देवाला वाहायची दूर्वा कोवळी असावी, तिला तीन किंवा पाच पात्या असाव्यात. अशा एकवीस दूर्वांची एक जुडी. घरी आणल्यावर धुवा, ओल्या फडक्यात गुंडाळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दोन दिवस टवटवीत राहतात. एकवीसच का? अनलासुराची कथा आहे. आगीसारख्या त्या असुराला गणपतीने गिळलं आणि त्याच्या अंगाचा दाह काही केल्या थांबेना. डोक्यावर चंद्र ठेवून झाला, अंगाला सर्प बांधून झाला, सगळे उपाय झाले. शेवटी ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा मस्तकावर ठेवल्या तेव्हा तो शांत झाला. रत्नं नाहीत, सोनं नाही, पायदळी येणारं गवत. हे गवत पेराला पेर फुटत जातं आणि प्रत्येक पेराशी नवं मूळ धरतं. वेदातल्या मंत्रात दूर्वेकडे मागणंही तेच आहे, की तू जशी कांडाकांडातून वाढतेस तसं आम्हालाही वाढव.

पूजेत दूर्वा दोन-दोन वाहतात, प्रत्येक जोडीला एक नाव: गणाधिप, उमापुत्र, अघनाशन, एकदंत, इभवक्त्र, मूषकवाहन, विनायक, ईशपुत्र, सर्वसिद्धिप्रदायक, कुमारगुरू. दहा नावांना वीस होतात. उरलेली एकविसावी दहाही नावं एकत्र घेऊन वाहायची. पोथ्यांत एखादं नाव वेगळं सापडेल, चालतं.

पत्रीही एकवीस झाडांची: मधुमालती, माका, बेल, पांढऱ्या दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, ती चालते फक्त या दिवशी. यातली बरीच झाडं मुंबईत उभी आहेत, आपण बघत नाही इतकंच. पिंपळ तर जुन्या इमारतीच्या भिंतीतून उगवलेला असतो. मुलांना घेऊन आदल्या रविवारी फिरा आणि किती ओळखता येतात ते बघा. प्रत्येकाचं एकच पान पुरे, फांदी मोडू नका. बाजारातल्या तयार पत्रीच्या जुडीत पुष्कळदा कसलीही पानं बांधलेली असतात. सात खरी पानं मिळाली तर सातच वाहा. उरलेल्यांच्या जागी अक्षता वाहायची रीत आहे. आणि एक काळजी घ्या. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत, रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर ही पानं उंच ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

घरी आणताना

आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा चतुर्थीच्या पहाटे आणा. लालबाग-परळहून आणत असाल तर चतुर्थीच्या आधीचा रविवार टाळा, रस्ता हलत नाही. आम्ही पहाटेच्या लोकलने आणतो. पाट मांडीवर, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि डब्यातली अनोळखी माणसंसुद्धा आपापले पाय आवरून बसतात. मूर्ती धरताना दोन्ही हात पाटाखाली हवेत. शाडूचा हात किंवा सोंड धरून कधीच उचलू नका.

दारात घरातल्या बाईने आणणाऱ्याच्या पायावर दूध-पाणी घालावं, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, देवाला कुंकू लावून औक्षण करावं. मग मूर्ती आत घ्या आणि अक्षता पसरलेल्या चौरंगावर ठेवा. वाटेत एखादं बोट दुखावलं तर घाबरू नका. प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे, तोवर ती माती आहे. ओल्या शाडूने जोडून घ्या किंवा मूर्ती बदलून आणा. प्रतिष्ठा झाल्यावर दुखापत झाली तर अक्षता वाहून, क्षमा मागून विसर्जन करतात. अशुभ झालं म्हणून रडत बसू नका.

पूजा

या पूजेचा मुख्य काळ मध्याह्न. दिवसाचे पाच भाग केले तर तिसरा भाग, म्हणजे मुंबईत त्या सुमारास साधारण साडेअकरा ते पावणेदोन. नेमकी वेळ पंचांगात बघा. गुरुजी त्या दिवशी पहाटेपासून पंधरा-वीस घरं करतात, त्यामुळे तुम्हाला सकाळी सहाची वेळ मिळाली तर तीही स्वीकारा. गुरुजी मिळाले नाहीत तर पोथी घेऊन स्वतः पूजा करा. संस्कृत अडखळत म्हटलं तरी चालतं. मी पहिली तीन वर्षं अडखळतच म्हटलं.

सामान आदल्या रात्री एका परातीत काढून ठेवा: कलश, तांब्या-पळी, ताम्हन, शंख, घंटा, समई, वाती, तूप, अक्षता, हळद-कुंकू, रक्तचंदन, शेंदूर, अष्टगंध, जानवं, कापसाची वस्त्रं, सुपाऱ्या, विड्याची पानं, नारळ, फळं, पंचामृत, गूळ-खोबरं, कापूर, उदबत्त्या.

सुरुवात आचमनाने. मग हातात पाणी आणि अक्षता घेऊन संकल्प: मी अमुक, अमुक ठिकाणी, हे पार्थिव गणेशपूजन करतो किंवा करते. कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा. नंतर प्राणप्रतिष्ठा. उजवा हात मूर्तीच्या हृदयाशी लावून मंत्र म्हणायचे आणि दूर्वेच्या टोकाने डोळ्यांना तूप लावायचं. घरातले सगळे या वेळी जवळ हवेत, मोबाईल बाजूला ठेवून. इथून पुढे उत्तरपूजा, म्हणजे निरोपाची पूजा, होईपर्यंत मूर्ती हलवायची नाही.

मग षोडशोपचार. सोळा उपचार पाठ नसतील तर घरी आलेल्या पाहुण्याचा विचार करा, क्रम आपोआप सुचतो. या म्हणणं, बसायला देणं, पाय धुवायला पाणी, हातावर अर्घ्य, प्यायला पाणी, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फुलं, धूप, दीप, जेवण. मग प्रदक्षिणा, नमस्कार आणि मंत्रपुष्प. स्नानाच्या वेळी मातीच्या मूर्तीवर पाणी ओतू नका, नवखी माणसं इथे हमखास चुकतात. फुलाने किंवा दूर्वेने थेंबभर पाणी आणि पंचामृत शिंपडायचं. अथर्वशीर्षाचा अभिषेक करायचा असेल तर ताम्हनात सुपारी किंवा धातूची लहान मूर्ती ठेवून तिच्यावर करा.

रात्री चंद्राकडे बघायचं नाही असा संकेत आहे, त्यामागे स्यमंतक मण्याची गोष्ट. आमच्या चाळीत ती गोष्ट सांगायलाच सगळी मुलं एका खोलीत गोळा करत.

मोदक

नैवेद्य एकवीस उकडीच्या मोदकांचा. साधारण अडीच वाट्या आंबेमोहोर तांदळाची पिठी, अडीच वाट्या पाणी, दोन मध्यम नारळ. सारणाला खोबऱ्याच्या निम्मा गूळ, वर जायफळ-वेलची आणि भाजलेली खसखस. सारण आदल्या रात्री करून ठेवा, गार झालं की भरायला सोपं जातं. पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून पिठी एकदम टाका, ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं वाफ द्या. उकड हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायला घ्या; थंड झालेल्या उकडीला चिरा पडतात. पारी, म्हणजे सारण भरायची उकडीची वाटी, कडेला पातळ, मध्ये किंचित जाड. कळ्या जमल्या नाहीत तर पाचच घाला. हळदीचं पान मिळालं तर मोदकपात्रात तेच घाला, सगळं घर त्या वासाने भरतं. दहा-बारा मिनिटं वाफवून वर तुपाची धार.

अजिबात जमत नसेल तर एकच मोदक स्वतः करा आणि वीस विकत आणा. त्याच्यासाठी हात पिठात गेलाच पाहिजे. बाकी पानात वरण-भात, अळूवडी, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर, खीर, कांदा-लसूण नाही.

आरती

सुखकर्ता, मग शंकराची, देवीची, विठ्ठलाची, आणि शेवटी घालीन लोटांगण व मंत्रपुष्पांजली. शेजाऱ्यांना वेळ आधी सांगा, ती पाळा. शब्द नीट म्हणा, कारण अर्थ त्यांतच आहे. "ओटी शेंदुराची" नव्हे, "उटी": शेंदराचा लेप. "फळीवर वंदना" नव्हे, "फणिवरबंधना": ज्याच्या पोटाला नागाचा पट्टा बांधलाय तो, मघाशी मूर्तीत बघितला तोच. "संकष्टी पावावे" नव्हे, "संकटी पावावे". शंकराच्या आरतीत "लवथवती". मुलांना हे चार शब्द सांगितले की ती मोठ्यांच्या चुका पकडू लागतात, आणि आरती आपोआप त्यांची होते.

निरोप

उत्तरपूजा छोटीच असते. गंध, फूल, अक्षता, दही-पोह्यांचा किंवा दही-भाताचा नैवेद्य, आरती. मग "यान्तु देवगणाः सर्वे" हा मंत्र म्हणायचा, ज्याच्या शेवटी पुन्हा येण्याची विनंती आहे, आणि मूर्ती जागेवरच किंचित सरकवायची. त्या क्षणी घरात कुणी बोलत नाही. हार, दूर्वा, पत्री काढून निर्माल्य वेगळं बांधा, ते महापालिकेच्या निर्माल्य कलशात टाकायचं, पाण्यात नाही. सोन्याची साखळी किंवा चांदीचा मुकुट घातला असेल तर आत्ताच उतरवा. घाईत तो तसाच गेल्याची हळहळ मी बऱ्याच घरांत ऐकली आहे. शिदोरी म्हणून पंचखाद्य पुरचुंडीत बांधून बरोबर द्या.

त्या वर्षीच्या नियमपत्रकात परवानगी असेल आणि गिरगाव, दादर किंवा जुहूच्या चौपाटीवर जात असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघा. पाण्यात स्वतः उतरू नका, मूर्ती जीवरक्षकांच्या हाती द्या. या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट आणि जेलीफिश येतात, अनवाणी पायांना दंश होतात. मिरवणुकीने जाताना रेल्वेच्या जुन्या पुलांवर थांबू नका.

घरी करत असाल तर बादली स्वच्छ घासून ज्या खोलीत पूजा झाली तिथेच ठेवा, मोरीत नको. पाण्यात हळद-कुंकू, फूल टाका. सगळ्यांनी मूर्तीला हात लावून, तीनदा खाली-वर करून, मोरयाच्या गजरात हळूच सोडा. बुडबुडे येतात, माती खरंच श्वास सोडल्यासारखी विरघळू लागते. लहान शाडूची मूर्ती पाण्याच्या रंगात असेल तर काही तासांत बसते, जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत. तोवर बादली झाकून ठेवा, काठीने ढवळू नका. पाट रिकामा ठेवायचा नाही. चिमूटभर माती किंवा वाळू, एक नाणं आणि अक्षता ठेवून त्यापुढे एक आरती म्हणायची.

दोन दिवसांनी वरचं पाणी निथळून झाडांना घाला. खाली उरलेली शाडू चिकट असते, तशीच कुंडीत भरली तर पाणी साचून मुळं कुजतात. तिच्या तिप्पट बागेची माती आणि थोडं शेणखत मिसळा. पूजेतल्या दूर्वांपैकी मुळं असलेल्या दोन-तीन काड्या बाजूला काढून ठेवल्या असतील तर त्या या कुंडीत लावा आणि कुंडी ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. आमच्या कुंडीतल्या दूर्वा श्रावणापर्यंत कठड्याबाहेर लोंबायला लागतात. चतुर्थीच्या सकाळी पहिल्या एकवीस मी तिथूनच खुडते.